पाऊस पडतो की ‘वसतो’?

१/ जून १९४८. कल्याणजवळच्या निर्वासित छावणीत, बराकीच्या दारात नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. सिंधमधील हैदराबादहून आलेल्या त्या मुलीने आभाळाकडे बोट दाखवून म्हटले, “मींहुं वसे थो.” चिखलोलीहून भाजीची पाटी घेऊन आलेली बाई हसली. “वसतो? पोरी, माणसं वसतात. पाऊस पडतो.”

२/ दोघींचेही बरोबर होते. पावसासाठीचे सिंधी क्रियापद संस्कृत ‘वृष्’ धातूतून आलेले, म्हणजे वर्षाव करणे. मराठीतील ‘वसणे’ हे ‘वस्’ धातूतून आलेले, म्हणजे राहणे. कानाला दोन्ही एकच. त्या मुलीच्या कुटुंबाला मात्र त्या वेळी दुसऱ्या अर्थाची गरज अधिक होती.

३/ सिंधमध्ये हवामानाच्या गप्पा म्हणजे वारा आणि नदी. हैदराबादच्या धाब्यांवर ‘मंघ’ उभे असत. नैऋत्येचा वारा पकडून खालच्या खोलीत उतरवणारे हे झरोके. पाऊस वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही होत नसे. पाणी आभाळातून नव्हे, सिंधूतून येई. दूर हिमालयात बर्फ वितळले आणि तिकडे पाऊस झाला की येथे निरभ्र आकाशाखाली नदी फुगे.

४/ गंमत अशी की उल्हास खोऱ्यात येणारा वाराही तोच, नैऋत्य मोसमी. सिंधवर बलुचिस्तानकडची कोरडी, तापलेली हवा झाकणासारखी बसते आणि ढगांना वर वाढू देत नाही. इकडे तोच वारा माथेरान, मलंगगड आणि सह्याद्रीच्या भिंतीला अडतो, वर चढतो आणि रिता होतो. पाऊस सुमारे अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे सिंधच्या दहापटीहून अधिक.

५/ मग भाजीच्या पाटीपाशी शिकवणी सुरू झाली. भुरभुर वेगळी, रिपरिप वेगळी. सर येते आणि जाते. झड लागते ती दिवसेंदिवस राहते. पाऊस ‘ओढ देतो’, ‘दडी मारतो’. आणि सर्वांत मोलाचा शब्द, ‘उघडीप’. ओल्या बराकीत कपडे वाळवणाऱ्या मुलीच्या आईने मराठीतला हाच शब्द आधी उचलला.

६/ पुढचा धडा नक्षत्रांचा. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो आणि त्या काळातल्या पावसाला त्याचे नाव मिळते. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग, मग आर्द्रा. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’. शिवाय पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की शेतकरी खूश.

७/ चूक झाली ती हस्तात. सप्टेंबर संपत आला होता. मुलीने शिकलेले सगळे शब्द जुळवून अभिमानाने म्हटले, “छान पाऊस आहे, रोज येऊ दे!” बाई गप्प झाली. हळवे भात कापणीला आले होते; आडवे झाले तर दाणा चिखलात. वाक्याचे व्याकरण बिनचूक होते. चुकली होती ती इच्छा.

८/ “पाऊस काय म्हणतोय?” या मराठी प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात नसते, हे तिला तेव्हा कळले. कोणाचे शेत कुठवर आले आहे, हे ठाऊक असल्याशिवाय पाऊस चांगला की वाईट हे सांगता येत नाही. हवामानाची भाषा शिकणे म्हणजे शेजाऱ्याची काळजी शिकणे.

९/ ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते छावणीच्या जागी शहराची पायाभरणी झाली. नाव मिळाले नदीवरून, उल्हासनगर. सिंधूकाठच्या माणसांना पुन्हा एका नदीचा पत्ता मिळाला. झुलेलालच्या आराधनेचा चाळीस दिवसांचा ‘चालीहो’ सिंधमध्ये सिंधूच्या भरतीच्या दिवसांत येई. येथे तो ऐन पावसाळ्यात येतो.

१०/ २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. उल्हास आणि वालधुनी पात्राबाहेर आल्या. ती मुलगी आता सहासष्ट वर्षांची आजी होती. दुपारीच तिने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना वर बोलावले. म्हणाली, “ही सर नाही. हा लागलाय.” बोलली मराठीतच.

११/ तिच्या नातीला झड कळते, उघडीप कळते. ‘मंघ’ मात्र समजावून सांगावा लागतो. एकदा नातीने विचारले, सिंधीत पाऊस पडतो याला काय म्हणायचे? आजीने सांगितले, “मींहुं वसे थो.” नात हसली, “पाऊस वसतो?”

“वसतो की,” आजी म्हणाली. “आम्हीपण त्याच्याबरोबरच वसलो.”