सातपुड्याचें एक वर्ष

थंड हवेचें ठिकाण म्हटलें कीं आपल्या घरांतून महाबळेश्वर, माथेरान अथवा फार तर लोणावळें एवढींच नांवें निघतात. सुटी लागावी, बिऱ्हाड बांधावें, आठ दिवस तेथें काढावे आणि ‘डोंगर पाहिला’ असें म्हणत परत यावें, हा आपला रिवाज. मीहि त्याच रिवाजाचा होतों. परंतु एकदां नोकरीमुळें डोंगराच्या पायथ्याशीं अखंड वर्ष काढावें लागलें, आणि डोंगर आठ दिवसांत पाहून होत नाहीं, हें ध्यानांत आलें.

माझी बदली अक्कलकुव्यास झाली. १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या निघालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, गुजरातच्या सीमेजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं हें गांव आहे. थोरल्या बंधूंनीं बदली रद्द करविण्याची पुष्कळ खटपट केली. ती फळास आली नाहीं. मुलांच्या शाळेमुळें मंडळी पुण्यासच राहिली. आई मात्र हट्टानें माझ्याबरोबर निघाली. तेव्हां वहिनींनीं तिच्या उपवासांसाठीं वर्षाची भगर डब्यांत भरून दिली. त्या रानांत काय मिळणार, असें सर्वांसच वाटत होतें.

आम्ही पोहोंचलों आणि पाऊस सुरू झाला. मोलगीकडे जाणाऱ्या देवगोईच्या घाटांत धुकें इतकें दाट उतरे कीं भर दुपारीं मोटारींना दिवे लावावे लागत. तें विरलें कीं काल कोरड्या दिसलेल्या कड्यावरून पाण्याची धार लोंबत असे. श्रावणांत सागास पांढुरके तुरे आले. पण माझी दृष्टि खिळली ती उतारांवरील शेतांवर. आपण जेथें हात टेकून चढूं, तेथें बायका पाठीशीं मूल बांधून निंदणी करीत होत्या.

दिवाळींत तरुणांच्या झुंडी अस्तंभ्याच्या यात्रेस निघाल्या. हें १,३२५ मीटर उंचीचें शिखर शेजारच्या अक्राणी तालुक्यांत आहे. जखमेसाठीं तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा तेथें राहतो, अशी श्रद्धा. आई म्हणाली, ‘आपण त्याला शापाबद्दल तेवढें ओळखतों, हीं माणसें त्याच्या भेटीसाठीं रात्रीचा डोंगर चढतात!’

कार्तिकांत तिला मोलगीच्या बाजारास नेलें. एका भिल्ल बाईपुढें टोपलींत भगर होती. आईनें ती चिमटींत धरून पाहिली आणि सवयीप्रमाणें घासाघीस आरंभिली. बाई शांतपणें समोर बोट दाखवून म्हणाली, ‘माय, तो उतार पाहा. तेथें पिकते. खालीं आणायची, मग कांडायची.’ शेजारचा दुकानदार म्हणाला कीं, मोलगीची भगर दूरदूरच्या शहरांत जाते. आई क्षणभर गप्प राहिली. ‘अरे, म्हणजे जेथें पिकते तेथेंच आपण ती पुण्याहून बांधून आणली!’ असें म्हणून तिनें मागितले तेवढे पैसे दिले.

पौषांत डाबास गेलों. याच तालुक्यांतील हें खेडें उंचावर आहे. कडाक्याच्या थंडींत तेथें पहांटे गवतावरचें दंव गोठून पांढरें होतें. अलीकडे तेथें स्ट्रॉबेरीची लागवडहि होऊं लागली आहे. आईनें शेकोटीजवळ बसून महाबळेश्वराचें नांवहि काढलें नाहीं!

फाल्गुनांत काठीची राजवाडी होळी आली. तिची परंपरा लोक इ. स. १२४६ पासून सांगतात. उंच बांबू उभारतात. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेस घुंगरूं व वाळलेले भोपळे बांधलेले नवसकरी रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात, आणि होळी पेटते ती पहांटे.

चैत्रांत मोहाचीं फुलें गळूं लागलीं. उजाडण्यापूर्वींच बाया-मुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं जमत. पुढें अंगणोअंगणीं आमचुरासाठीं चिरलेल्या कैऱ्या वाळूं लागल्या. पण ओढे आटले, आणि जे उतार श्रावणांत मला रम्य वाटले होते, तेच उतार बायका हंडे घेऊन चढतांना दिसूं लागल्या. केवळ पावसाळ्यांत आलेल्या प्रवाशास हें कधींच दिसत नाहीं.

डोंगरापलीकडे, उत्तरेस नर्मदा आहे. तिच्या कांठचें मणिबेली हें याच तालुक्यांतील गांव सरदार सरोवराच्या पाण्यानें १९९० नंतरच्या दशकांत ग्रासलें. २०१७ सालीं धरणाचें लोकार्पण झालें व २०१९ सालीं जलाशय प्रथमच पूर्ण भरला. नदीकांठचीं अनेक कुटुंबें सपाटीवरील वसाहतींत आलीं. त्यांतील एक वृद्ध आईस म्हणाला, ‘जमीन मिळाली, वीज मिळाली. पण नदीचा आवाज नाहीं, म्हणून झोंप लागत नाहीं.’ त्या रात्रीं आई बराच वेळ जागी होती.

पुढल्या ज्येष्ठांत पुण्यास परत येण्याचा हुकूम आला. ज्या हुकमासाठीं बंधूंनीं वर्षभर उंबरठे झिजविले, तो हातीं पडला तेव्हां आम्हां दोघांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं. सामान बांधतांना वहिनींचा तोच डबा आईनें मोलगीच्या भगरीनें भरून घेतला.

आषाढी एकादशीस घरीं सर्व पानें मांडलीं होतीं. धाकट्या पुतण्यानें नेहमींप्रमाणें भगर ताटांत टाकली. एरवीं आई रागें भरली असती. त्या दिवशीं तिनें त्याला जवळ घेतलें आणि त्या उताराची गोष्ट सांगितली. त्यानें शेवटचें शीतसुद्धां वेंचून खाल्लें. वाचकांनीं सातपुडा अवश्य पाहावा. परंतु तेथें एकाच ऋतूंत जाऊन ‘पाहिला’ असें म्हणूं नये, एवढीच विनंति.