संगणकातील संगणक

आमच्या अडत दुकानाचे १९९६ ते २००४ पर्यंतचे हिशेब डॉसवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये आहेत. आजचे ६४ बिटांचे विंडोज असे १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवीतच नाही. त्यामुळे जुना संगणक बंद पडताच त्या वर्षांची खतावणी हाताशी असूनही मुकी झाली. "आता त्या हिशेबांचे काय काम?" असे घरात बहुतेकांचे मत. वडिलांचे म्हणणे निराळे होते. काही शेतकऱ्यांची शिल्लक अद्याप आपल्याकडे जमा आहे. त्यांच्याजवळ पावती उरली नसेल, म्हणून आपले देणे फिटत नाही.

अखेर कन्येच्या साहाय्याने व्हर्च्युअलबॉक्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर घेऊन नव्या संगणकातच एक आभासी संगणक मांडला. त्याला ५१२ एमबी मेमरी आणि १० जीबींची डिस्क दिली. ही डिस्क म्हणजे वस्तुतः एक फाइल! कपाटातील मूळ सीडीवरून ३२ बिटांचे विंडोज एक्सपी चढवू लागलो, तेव्हा निळ्या पडद्यावर डिस्क फॉरमॅट होणार असल्याची सूचना आली आणि वडिलांनी माझा हातच धरला. फॉरमॅट होणार होती ती केवळ ती रिकामी फाइल, हे त्यांना पटेपर्यंत चहा निवला. एक्सपीला मिळणारे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले आहे. म्हणून या आभासी यंत्राला इंटरनेट मुळीच जोडले नाही.

जुन्या संगणकातून काढलेल्या डिस्कवरचे हिशेब आत नेले, आणि काळ्या पडद्यावर खाती उमटली. वडिलांनी अकरा नावे कागदावर उतरवून घेतली. सात घरी निरोप पोहोचला आहे. उरलेल्या चौघांचा शोध चालू आहे.