वशट सोडलेल्या भाच्यास

शहादे, जि. नंदुरबार

चि. बापू यास,


वशट सोडल्याचं तुझं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं. आजीनं दोनच प्रश्न विचारले: माळ घातली का, आणि डॉक्टरनं बंद केलं का? खानदेशात मांस सुटायची तिला ठाऊक असलेली कारणं एवढीच. जिवाला यातना होतात म्हणून खायचं नाही, हे तिसरं कारण तिला पटलं नाही, पण तिनं ते खोडूनही काढलं नाही. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की असले विचार पुण्यात पुस्तकं वाचून येतात, आपल्या जिल्ह्यात ते कुणाला कळायचे नाहीत. तेवढं सोडून बाकी पत्र चांगलं आहे.

आपल्याच जिल्ह्यात, तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मोरवड नावाचं गाव आहे. आता त्याला रंजनपूरही म्हणतात. १९३७-३८ च्या सुमारास तिथे गुलाम महाराज नावाच्या आदिवासी संतानं आरती सुरू केली. दर सोमवारी माणसं जमायची, डोंगरातून पायी यायची, हजारोंनी यायची. महाराजांचं सांगणं अगदी सोपं होतं. दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, चोरी करू नका, आणि एकमेकांना मान द्या. ज्याला सावकार, फौजदार आणि जंगलखात्याचा शिपाई जन्मभर ‘अरे-तुरे’ करत आला, त्याला इथे ‘आप’ म्हणून हाक मारली जाई. आजही त्या पंथाची माणसं भेटली की ‘आप की जय’ म्हणतात. गुलाम महाराज १९३८ मध्येच गेले. मागे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी आरती चालू ठेवली.

आता नीट विचार कर. भिल्ल, पावरा, मावची या आदिवासींच्या घरी मटण काही रोज शिजत नव्हतं. रोजची भाकरी ज्वारीची, सोबत उडदाची डाळ किंवा रानातली भाजी. कोंबडं-बकरं कापलं जाई ते देवाला, लग्नात, इंदलच्या सणाला, याहा मोगी देवीच्या नवसाला; आणि त्याच्याबरोबर मोहाची दारू ठरलेली. म्हणजे मांस सोडणं हे ताटातला एक पदार्थ कमी करण्याइतकं साधं नव्हतं. सगळा सणच बदलायचा होता, आणि सणासाठी काढायचं कर्जही त्यात आलं. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात दारू गाळणं हा सरकारनं लिलावात द्यायचा धंदा झाला होता. घरच्या मोहाची घरी गाळली तर गुन्हा, ठेकेदाराची विकत घेतली तर उधारी. अशा वेळी पिणाऱ्यानं पिणंच थांबवलं तर ठेकेदाराकडे त्यावर काय उपाय?

हे पहिल्यांदा मोरवडला घडलं असंही नाही. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक ‘देवी’ निघाली. ती माणसांच्या अंगात यायची आणि गावोगाव सरकत सुरत जिल्ह्यात, डांगात, खानदेशाकडेही पोचली. दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, दारूचे ठेके चालवणाऱ्या पारशांकडे कामाला जाऊ नका, कोंबड्या-बकऱ्या घरात ठेवू नका, अशा तिच्या आज्ञा. लोकांनी खरोखरच कोंबड्या विकून टाकल्या. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, वरच्या जातींच्या हातात जी प्रतिष्ठेची खूण होती ती आदिवासींनी स्वतःच्या हिमतीवर उचलली. कुणी येऊन त्यांना सुधारलं नाही. पुढे दक्षिण गुजरातच्या गावांत दोन तट पडले. देवीचे नियम पाळत राहिले ते ‘वर्जेला’, आणि देवी गेली, आता मोकळे झालो म्हणून परत खाऊ-पिऊ लागले ते ‘सरजेला’. बहुतेक गावांत हळूहळू दुसऱ्यांचीच संख्या वाढली.

या सगळ्यात बकऱ्याच्या यातनेचा विचार किती होता? फारसा नसावा. मान, कर्ज आणि पवित्रता यांची ती लढाई होती. पण नैतिक निर्णय म्हणतात तो हाच: उद्यापासून आम्ही असे जगणार नाही, असं माणसानं स्वतः ठरवणं. तुझं कारण निराळं आहे. ठरवण्याची रीत मात्र या मातीत जुनी आहे, आणि ती सुरू केली ती अक्षरओळख नसलेल्या माणसांनी.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९७०च्या दशकात शहाद्यात जमीन आणि मजुरीसाठी जी चळवळ उभी राहिली, तिच्यातले अंबरसिंग महाराज हे याच भजन-आरतीच्या परंपरेतले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मग या तालुक्यातल्या बायका गावोगाव दारूची मडकी फोडत फिरल्या, कारण नवऱ्याची मारहाण त्या मडक्यातून बाहेर येत होती. तिथं कुणाच्या चुलीवर काय शिजतं हे कुणी विचारलं नाही. सोवळ्यातून सुरू झालेली गोष्ट मजुरी आणि जमिनीवर आली, तेव्हा दारूबंदी टिकली आणि मांसबंदी मागे पडली. हे बरंच झालं. भुकेल्या मजुराच्या ताटाची झडती घेणारी संघटना फार दिवस चालत नाही.

तुझं जे कारण आहे, त्याचा पुरावा या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात. सुरतेच्या रस्त्यावरचं हे गाव, कोंबड्यांच्या शेडसाठी नाव असलेलं. पांढरे पोशाख चढवलेली पथकं आली, शेडमागून शेड रिकाम्या झाल्या, लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले गेले. २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तेच. २००६ ला लोकांनी चिकन सोडलं ते भीतीनं. नंतर ठिकठिकाणी फुकट चिकनच्या पंगती झाल्या, पुढाऱ्यांनी व्यासपीठावर तंगड्या चावून दाखवल्या, आणि दुकानांपुढे पुन्हा रांगा लागल्या. भीतीनं सोडलेलं असंच परत येतं.

शेड मात्र आजार नसतानाही बघण्यासारखी असते. अंड्याच्या कोंबडीला पिंजऱ्यात साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा मिळते; वहीचा मोठा कागद त्याहून मोठा. तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, आणि दीडेक वर्षात अंडी कमी झाली की ती मांसासाठी स्वस्तात विकली जाते. मांसाची कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोची होते. वजन असं चढतं की पाय धरत नाहीत. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं तर कुणालाच नको असतात. बहुतेक देशांत ती उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारली जातात. जर्मनीनं २०२२ पासून ते कायद्यानं थांबवलं. देवाला वाहिलेला कोंबडा निदान अंगणात बांग देऊन मोठा झालेला असतो. या दोन कोंबड्यांत कुणावर दया करायची, हे ठरवायला फार तत्त्वज्ञान लागत नाही. नैतिक शाकाहाराची खरी तक्रार शेडविरुद्ध आहे, आणि ती बिनतोड आहे.

ती तक्रार मान्य केली की दुधाचा प्रश्न येतो, हेही लक्षात ठेव. दूध देणारी म्हैस दर वर्षी-दीड वर्षाला वितेच, आणि रेडकू नर निघालं की त्याचं काय होतं हे कोणत्याही गोठ्यात विचारावं. चहा सोडवत नसेल तर निदान अहिंसेची फुशारकी मारू नये. गांधीजींची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. लहानपणी मित्राच्या नादानं ते चोरून मांस खाऊन बसले होते. १८८८ ला लंडनला गेले तेव्हा केवळ आईला दिलेल्या वचनापायी शाकाहारी होते. तिथे हेन्री सॉल्टची एक लहान पुस्तिका वाचली आणि मग स्वतःच्या पसंतीनं शाकाहारी झाले. दूध त्यांना कायमचं सोडता आलं नाही, आणि ही आपली हार आहे असं ते उघड सांगत.

आता शेवटचं, आणि हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं. या जिल्ह्यात जवळजवळ सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची निघाली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मुलांना आठवड्यातून चारदा उकडलेलं अंडं मिळतं. न खाणाऱ्याला केळी. शाळांमध्ये नोव्हेंबर २०२३ ला सरकारनं अंडं सुरू केलं, काही धार्मिक मंडळींनी ओरड केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी बंद झाला. वर्गणी काढून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. तोरणमाळच्या शाळेनं वर्गणी मागायची कुणाकडे?

इथेच तुझ्या निर्णयाची आणि त्या ओरड करणाऱ्यांच्या आग्रहाची वाट वेगळी होते. मोरवडच्या माणसानं मांस सोडलं ते स्वतःचं. धडगावच्या शाळेतल्या पोरीनं काहीच सोडलेलं नाही. तिच्या पुढ्यातलं अंडं दुसऱ्यांनी काढून घेतलं. शेडमधल्या कोंबडीसाठी भांडायचं असेल तर पिंजऱ्यांवर बंदी माग, पाड्यावरच्या बायकांना गावठी कोंबड्या पाळायला पैसे द्या म्हण, अंगणवाडीनं अंडी त्यांच्याचकडून घ्यावीत असा अर्ज कर. त्या अर्जावर इथूनही सह्या मिळतील. पण पुण्यात तुझ्या नव्या मित्रांपैकी कुणी पोषण आहारातून अंडं काढून टाका असं निवेदन घेऊन आला, तर त्यावर तू सही करू नकोस.

तुझा,
मामा