सोन्याची पेटी

लहानपणी मी खजिन्याच्या दोन गोष्टी ऐकल्या. एक दुर्गाडी किल्ल्याची, दुसरी आमच्याच घराची. पहिली शाळेत गुरुजींनी सांगितली. दुसरी मोहल्ल्यातल्या पानाच्या टपरीवर सांगितली जाई आणि आम्ही दिसलो की बंद पडे.

माझी शाळा मराठी होती. अब्बा रेल्वेत फिटर, कल्याणच्या लोकोशेडमध्ये. त्यांचं म्हणणं असं की, ज्या मातीत राहायचं तिची भाषा आलीच पाहिजे; उर्दू घरी मी शिकवीन. वर्गात आम्ही दोघंच मुसलमान होतो. गुरुजी शिवाजी महाराजांच्या स्वारीचा धडा रंगवून सांगत. १६५७ च्या ऑक्टोबरात महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. खाडीकाठी दुर्गाडी बांधायला काढला आणि पाया खणताना जमिनीत पुरलेलं धन सापडलं. मग ओघानं कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट यायची. सुभेदार मुल्ला अहमद हे नाव उच्चारलं की सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायचा, जणू काही ती माझीच कुणी नातलग होती. पण गोष्टीचा शेवट मला आवडायचा. लुटीत आलेल्या त्या बाईला महाराजांनी मानानं परत पाठवलं. इतिहासकार या गोष्टीला पुरावा नाही म्हणतात. ते मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की, हाती आलेलं सगळंच आपलं नसतं.

तरीही एका रविवारी भाईजान, मी आणि वर्गातले दोघं अशी आमची टोळी दुर्गाडीखाली खाडीच्या चिखलात खजिना खणायला गेली होती. हत्यार काय, तर अम्मीचा उलथणं आणि कोळसा फोडायचा लोखंडी गज. फुटक्या कौलाचे तुकडे आणि शिंपले निघाले. घरी आल्यावर उलथणं वाकवलं म्हणून मार बसला तो वेगळाच.

दुसऱ्या खजिन्याची गोष्ट १९७४ सालची. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत एक एकटा माणूस भाड्यानं राहत असे. कुठल्या गावचा, नक्की ठाऊक नाही. मुंबईच्या गोदीत हमाली करतो एवढंच सांगे. रात्री-अपरात्री येई, दोन-दोन दिवस झोपून काढी. आम्हा मुलांना कधी खजूर देई, कधी परदेशी टॉफी. त्या वर्षी पावसाळा सरता सरता सरकारनं स्मगलरांची धरपकड सुरू केली. हाजी मस्तान पकडला गेला, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले. त्याच आठवड्यात एका पहाटे तो माणूस पत्र्याची एक पेटी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. अब्बा फजरच्या नमाजाला निघाले होते. तो म्हणाला, "भाईसाहब, ही अमानत ठेवा. मी येऊन घेऊन जाईन." अब्बांनी आत काय आहे ते विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. तो गेला तो गेलाच.

आजच्या मुलांना सोन्याची तस्करी म्हणजे काय ते सांगावं लागतं. १९६३ च्या जानेवारीत सरकारनं सोनेनियंत्रण आणलं. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. १९६८ च्या कायद्यानं सोन्याच्या विटा आणि बिस्किटं घरात ठेवणंच गुन्हा ठरवलं. पण लेकीच्या लग्नात सोनं हवंच. हिंदूला हवं, मुसलमानालाही हवं. दुबईत स्वस्त, इथं महाग. मधला फरक समुद्रातून होड्यांनी येऊ लागला. दहा तोळ्यांचं एक बिस्किट, म्हणजे ११६ ग्रॅमच्या वर. अंगात घालायच्या खास जाकिटात अशी शंभर बिस्किटं बसत. एक माणूस अंगावर साडेअकरा किलोहून जास्त सोनं घेऊन चिखलातून चालत येई. सोनं ज्याचं, त्याचे बंगले झाले. चालणाऱ्याला रात्रीची मजुरी मिळे.

हाजी मस्तान मूळचा तामिळनाडूचा, पोरवयात मुंबईला आलेला, गोदीतला हमाल. त्याच्याबद्दल एक आख्यायिका आमच्या मोहल्ल्यात तोंडपाठ होती. एका अरबानं सोन्याच्या बिस्किटांची पेटी त्याच्याकडे ठेवली आणि तो पकडला गेला. काही वर्षांनी सुटून आला तेव्हा मस्ताननं पेटी जशीच्या तशी पुढ्यात ठेवली. अरबानं खूश होऊन निम्मं सोनं त्याला दिलं आणि हमालाचा शेठ झाला. १९७५ साली 'दीवार' आला. त्यातला विजय मस्तानवरून बेतलाय म्हणे, आणि त्याच्या दंडावरचा बिल्ला ७८६ नंबरचा. मग काय, आमच्या पोरांना तो घरातलाच माणूस वाटू लागला. ज्यांच्या नशिबी गोदी, हातमाग आणि गॅरेज होतं, त्यांना आपल्यातला एकजण पांढऱ्या सुटात मर्सिडीजमधून उतरतो याचंच अप्रूप. त्या सोन्याच्या मागून काय काय येणार आहे याचा विचार कुणी केला नाही. मीही केला नाही.

या आख्यायिकेमुळेच आमच्या घरातली पेटी सोन्याची झाली. अरबाची पेटी मस्तानकडे, मस्तानच्या माणसाची पेटी आमच्याकडे. हिशेब सरळ होता. कुणी म्हणे पन्नास बिस्किटं आहेत, कुणी म्हणे शंभर. पुढे पुढे तर सोनं पेटीत नाहीच, अब्बांनी रात्रीतून फरशीखाली पुरलंय, इथवर गोष्ट गेली. भाईजाननं उसन्या पैशांनी सायकल घेतली तरी लोक डोळे मिचकावत. अम्मीचं जोडवंसुद्धा गहाण होतं हे सोनाराखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा बहिणीच्या लग्नाच्या वेळी ती अब्बांना म्हणाली, "उघडून बघू तरी." अब्बा म्हणाले, "बघितलं की हात जातो. म्हणून बघायचंच नाही."

जुम्म्याच्या दिवशी ते सूरह कहफ वाचत. त्यातला हजरत मूसा आणि हजरत खिज्र यांचा किस्सा ते आम्हाला सांगत. एका गावानं त्या दोघांना पाहुणचार नाकारला, तरी खिज्रनी त्याच गावातली पडायला आलेली भिंत मजुरी न घेता उभी केली. कारण भिंतीखाली दोन अनाथ पोरांचा खजिना होता. ती मोठी होईपर्यंत तो झाकलेला राहायला हवा होता. अब्बा म्हणत, "खजिना खणणारे पुष्कळ. भिंत सावरणारा एखादाच."

१९९० मध्ये सोनेनियंत्रणाचा कायदा रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना पाच किलोपर्यंत सोनं कर भरून आणता येऊ लागलं. तस्करीच्या धंद्याची रया गेली. पण वाटा तशाच होत्या. कोकणच्या ज्या किनाऱ्यांवर सोनं-चांदी उतरे, त्यांतल्याच दिघी आणि शेखाडीला १९९३ च्या सुरुवातीला हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं. आधी डिसेंबर-जानेवारीच्या दंगली होरपळून गेल्या होत्या. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. माणसं मेली ती सगळ्या धर्मांची. ज्यांना आम्ही कौतुकानं 'भाई' म्हणत होतो, त्यांच्यातल्याच काहींनी हे केलं होतं.

एप्रिलात एका दुपारी साध्या कपड्यांतली पाच-सहा माणसं आमच्याकडे आली. मोहल्ल्यातल्याच कुणीतरी पेटीची गोष्ट पुढे पोचवली होती. मी तेव्हा तीस वर्षांचा, शाळेत शिक्षक. त्यांनी खोलीतल्या शहाबादी फरश्या उचकटल्या, कंबरभर खणलं. खाली भरावाची माती, विटांचे तुकडे. मग पेटी ओढून बाहेर काढली. अब्बा प्रथमच बोलले, "साहेब, ती माझी नाही, ठेव आहे. मी उघडणार नाही." त्यांच्यातला एकजण म्हणाला, "चाचा, तुम्ही नका उघडू," आणि गजानं कुलूप तोडलं.

आत एक लुंगी, एक टोपी, तसबीह, आणि जाड कापडाचं एक जाकीट. त्याला पुढून, मागून, आतून ओळीनं छोटे छोटे खिसे शिवलेले. सगळे रिकामे. त्यांनी एकेक खिसा उलटा केला. काहीच निघालं नाही तसे कंटाळून निघून गेले. दारात गर्दी होती. कुणी आत येऊन फरशी बसवायला मदत केली नाही.

मला अपमानानं रडू येत होतं. अब्बांना त्याचं फारसं काही नव्हतं. त्यांना एकच गोष्ट लागली होती, की अठरा वर्षं झाकून ठेवलेली अमानत त्यांच्या डोळ्यांदेखत उघडली गेली. रात्री जाकिटाची घडी घालताना मात्र ते म्हणाले, "खिसे रिकामे आहेत म्हणजे त्यानं ज्याचा माल त्याला पोचवला होता." धंदा हराम होता हे ते जाणून होते आणि तसं बोलूनही दाखवत. पण त्या हमालाला चोर म्हणायला ते तयार नव्हते.

मोहल्ल्यानं वेगळाच अर्थ काढला. पेटी रिकामी? म्हणजे यांनी माल आधीच हलवला! खजिन्याच्या गोष्टीला रिकामी पेटी मारू शकत नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सरकारनं जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यावर महिनोन्महिने शोध घेतला आणि काही मिळालं नाही म्हणून जाहीर केलं. लोक आजही म्हणतात, ट्रक भरभरून गेले. अमेरिकेतल्या डच शुल्ट्झ नावाच्या गुंडाला १९३५ साली नेवार्कच्या एका खाणावळीत गोळ्या घातल्या. मरताना तो तापात बरळला ते पोलिसांनी लिहून घेतलं. त्यानं कॅट्सकिलच्या डोंगरात लोखंडी पेटी पुरल्याची कथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या बरळण्यात पत्ता शोधत डोंगर खणत आले. पेटी मिळालेली नाही.

अब्बा २००६ मध्ये गेले. २०१४ मध्ये चाळ पाडली, नवी इमारत व्हायची होती. पायासाठी जेसीबी लागला तेव्हा रात्री निम्मा मोहल्ला कडेला उभा होता. म्हातारे, पोरं, आणि जे १९९३ मध्ये दारात उभे होते तेही. कायद्याच्या गोष्टी चालल्या होत्या. १८७८ चा जुना कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मौलाना म्हणाले, शरीअतमध्ये जुन्या दफिन्याचा पाचवा हिस्सा द्यायचा. पण मालक माहीत असलेला माल तो दफिना नव्हे, ती दुसऱ्याची वस्तू. सगळे ऐकत होते आणि खड्ड्यात बघत होते.

खोटं कशाला सांगू, मीही बघत होतो. जेसीबीचा दात एका ठिकाणी खणकन वाजला तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. जुना पाइप होता. चाळीस वर्षं ज्या गोष्टीनं आमच्या घराची बदनामी केली, तिच्यावर माझाही कुठेतरी विश्वास होता, हे मला त्या रात्री कळलं. अब्बांना मी तेव्हा तोंड दाखवू शकलो नसतो.

आता मी मुंब्र्याला राहतो. पेटी पलंगाखाली आहे. तुटलेल्या कुलपाच्या जागी अब्बांनी घातलेली सुतळी तशीच आहे. मालक येणार नाही, हे उघड आहे. मौलानांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्याच्या नावानं सदका करा. तो तर अब्बा करतच होते. रमजानमध्ये फितरा काढून झाला की थोडे पैसे बाजूला ठेवत, "त्या पेटीवाल्याचे" म्हणत. त्याचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. मीही दर वर्षी बाजूला ठेवतो.

गेल्या ईदला नातवानं पलंगाखाली डोकावून विचारलं, "दादा, ह्याच्यात काय आहे?"

"एक जुनं जाकीट," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. त्याचा विश्वास बसला नव्हता.