थोरल्या मुलाची गोष्ट

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आम्ही प्रथम ऐकला तो शब्बाथशाळेत, नगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या कौलारू चर्चमध्ये, सतरंजीवर मांडी घालून. धाकटा मुलगा वाटणी मागून दूरदेशी जातो, सारे उधळतो, डुकरे चारण्याची पाळी येते तेव्हा भानावर येतो आणि खालमानेने घरी परततो. बाप त्याला लांबूनच पाहतो व धावत जाऊन गळ्यात पडतो. त्या वयात आम्हांला डुकरे आवडली आणि शेवटची मेजवानी आवडली. शेतावरून उशिरा आलेला, घरातले गाणेबजावणे ऐकून दारातच अडलेला थोरला मुलगा मात्र आमच्या लक्षातही राहिला नाही. तो आम्हीच होतो, हे कळायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

आम्ही जन्माने ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे घातले आणि पुढील काही दशकांत आसपासच्या गावांतील गावकुसाबाहेरची अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. आमचे पणजोबा त्यांपैकी एक. त्यांच्याविषयी घरात एकच आठवण सांगितली जाई. पाळकसाहेबांनी त्यांना शेजारी बसवून घेतले आणि एकाच भाकरीचा तुकडा दोघांनी खाल्ला. त्या दिवशी पणजोबांना रात्रभर झोप लागली नाही म्हणे. ईश्वराचे प्रेम म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याच्या हातचे कुणीतरी खाल्ले होते.

आमच्यापर्यंत येईतो त्या भाकरीचा वारसा झाला होता. तान्हेपणी बाप्तिस्मा, दर रविवारी उपासना, ‘उपासना संगीता’तील टिळकांची गीते तोंडपाठ, नाताळला करंज्या आणि गुड फ्रायडेला तीन तासांची भक्ती. यात खोटे काही नव्हते. फक्त हे सारे वडिलोपार्जित वाड्यासारखे होते. किल्ली आमच्या खिशात होती, घरपट्टी आम्ही नेमाने भरत होतो, राहत मात्र दुसरीकडेच होतो.

पुढे आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कितीतरी वर्षे शिकवली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही काळ त्या पतीपासून दूर राहिल्या. नगरला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही, वेगळी चूल मांडली. मग माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, या एका विचाराने त्यांचे सोवळे एकाएकी गळून पडले, आणि टिळकांच्या पाठोपाठ सुमारे पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या. हे सारे आम्ही वर्गात रंगवून सांगत असू. निवेदनातील विनोद, बोलीचा बाज, आत्मसमर्थनाचा अभाव, सारे फळ्यावर मुद्द्यांनी मांडत असू. त्या पाच वर्षांत त्या बाईच्या आत काय घडले असेल, हा प्रश्न आम्ही परीक्षेत विचारला. स्वतःला कधी विचारला नाही.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही तेच. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोठ्या प्रांजळपणे कबूल केले आहे, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. संस्कृतच्या एवढ्या विदुषीने, शारदासदनासारखी संस्था उभी केलेल्या कर्त्या बाईने हे लिहावे! आम्ही हे वाक्य ‘प्रामाणिक आत्मनिवेदनाचा नमुना’ म्हणून अधोरेखित करून ठेवले आणि पान उलटले.

आईची स्मृती गेली तेव्हा ते पान पुन्हा उघडले.

आईला आम्ही गावाहून नगरच्या घरी आणले. ती दीड वर्ष आमच्याकडे होती. प्रथम दिवस-वार गेले, मग नातवंडांची नावे, मग आम्ही. एके सकाळी तिने आम्हांला ‘तुम्ही’ म्हटले. भाषेच्या अध्यापकाला सर्वनामाचे महत्त्व कुणी सांगायला नको. परंतु एका ‘तू’चा ‘तुम्ही’ होताना पायाखालची जमीन सरकते, हे कोणत्याही व्याकरणात लिहिलेले नाही. तिच्या मनाने आम्हांला तिच्या लहानपणीचे शाळामास्तर ठरवले होते. संध्याकाळ झाली की लुगड्यांचे बोचके बांधून ती दारात उभी राही आणि म्हणे, “मास्तर, आता मला घरी सोडा.”

आम्ही प्रार्थना केली. ती बरी व्हावी म्हणून, निदान एकदा आमचे नाव घ्यावे म्हणून. यांतले काही झाले नाही, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे.

श्रावणातली एक रात्र होती. पाऊस लागला होता. तिसऱ्यांदा चादर बदलताना आमचा तोल सुटला. आम्ही ओरडलो, काय बोललो ते लिहवत नाही. आई भिंतीला टेकली आणि लहान मुलीने हात जोडावेत तसे तिने हात जोडले. म्हणाली, “चुकलं, मास्तर.” आम्ही खाली बसलो. क्षमा कशी मागावी, याची जुळवाजुळव मनात चालू होती. एवढ्यात तिने आमच्याकडे वळून पाहिले. मघाचे काहीही तिच्या चेहऱ्यावर उरले नव्हते. तिने विचारले, “जेवलात का तुम्ही? शिंक्यात भाकरी ठेवली आहे.”

घरात शिंके नव्हते. भाकरीही नव्हती.

त्या क्षणी दाखल्यातील एक बारकावा आठवला, जो आम्ही शंभरदा वाचून कधी पाहिला नव्हता. घरी परतणारा मुलगा वाटेत एक भाषण तयार करतो. आपण पुत्र म्हणवून घेण्याच्या लायकीचे नाही, तेव्हा आपल्याला मोलकऱ्यांत ठेवावे, असे त्याला म्हणायचे असते. पण बाप त्याला शेवटपर्यंत बोलूच देत नाही. मोलकऱ्यांचे वाक्य ओठांवर येण्याआधीच झगा आणण्याचा हुकूम सुटलेला असतो. आमचेही भाषण तयार होते, आणि ते ऐकायला तेथे कुणी नव्हते. आम्ही कोण हे तिला ठाऊक नव्हते, आम्ही काय केले तेही आठवत नव्हते. आमच्यासाठी भाकरी मात्र ठेवलेली होती.

वर्षानुवर्षे आम्ही देवाला न ओळखता त्याच्या घरात वावरत होतो. आम्ही त्याला औपचारिक ‘तुम्ही’ म्हणत होतो. आईला आम्ही अनोळखी झालो म्हणून तिला भरवायचे आम्ही थांबवले नव्हते. मग आमची ओळख हरपली म्हणून त्याने का थांबवावे? मराठी बायबलात या प्रेमाला ‘प्रीती’ म्हटले आहे. काव्यात हा शब्द प्रेमिकांच्या वाट्याला गेला म्हणून आम्हांला तो उपासनेत नेहमी थोडा अवघड वाटे. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘अगापे’ आहे, समोरच्याची लायकी न पाहता दिलेले प्रेम. त्या रात्री कोशातील अर्थाला प्रथमच वजन आले. आम्ही ओल्या चादरीवर बसून खूप वेळ रडलो. आई पाठीवरून हात फिरवत होती, मास्तरांच्या.

एका सहकारी मित्राला आम्ही हे सांगितले. तो नास्तिक आहे आणि सज्जन आहे. तो म्हणाला, “ती सवय होती रे. आयुष्यभर ज्याला-त्याला जेवलास का विचारलं, तेवढंच शिल्लक राहिलं.” त्याचे म्हणणे आम्ही खोडले नाही. मेंदू झिजत गेल्यावर अखेर काय उरते, ते तज्ज्ञांनी सांगावे. एवढेच वाटते, की सारे पुसले गेल्यावर जे उरले ते दुसऱ्याला भाकरी विचारणारे होते, आणि ती सवय आमच्या घराण्यात कुठून आली हे आम्हांला ठाऊक आहे. पणजोबांच्या त्या रात्रीपासून. याला पुरावा म्हणत नाहीत. आम्ही याला साक्ष म्हणतो.

आई गुड फ्रायडेच्या आधीच्या सोमवारी गेली. आमचे नाव तिने शेवटपर्यंत घेतले नाही.

आयुष्याचे प्रयोजन सापडले का, असे कुणी विचारले तर आम्ही संकोचतो. हा शब्द फार मोठा आहे. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे फारसे शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहीत नेले. रमाबाई आयुष्याची अखेरची वर्षे बायबलचे सोप्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करीत राहिल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी त्यांनी काम टाकले नाही, आणि १९२२ साली स्वतः जाण्यापूर्वी ते संपवले. या दोघींनी प्रयोजन शोधले असे वाटत नाही. आपल्यावर प्रेम झाले आहे हे एकदा कळल्यावर समोरचे अर्धवट काम त्यांनी हाती घेतले. आमचे काम त्यांच्यापुढे अगदीच किरकोळ. आठवड्यातून दोनदा आम्ही विस्मृती झालेल्या दोन वृद्धांपाशी बसतो, त्यांच्या घरच्यांना तेवढीच झोप मिळते. एक आजोबा आम्हांला तलाठी समजतात. आम्ही त्यांचा सातबारा नीट असल्याची ग्वाही देतो.

दाखल्याचा शेवट आता आम्ही वेगळा वाचतो. रुसलेल्या थोरल्याला समजवायला बाप मेजवानी सोडून अंगणात येतो, आपले सारे तुझेच आहे असे सांगतो, आणि गोष्ट तेथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. कथनशास्त्रात याला मुक्त शेवट म्हणतात. कधी काळी आम्ही तसे शिकवलेही असते.

परवाच्या रविवारी उपासनेला गेलो तेव्हा दारात चपला काढताना क्षणभर थांबलो. आत गाणे सुरू झाले होते. मग आम्ही आत गेलो.