फुटकी बादली आणि बारसे सर

मुलांनो, आमचं धनज वाशीम जिल्ह्यातलं, कारंजा तालुक्यातलं गाव. इथून कधी नागपूरला गेलात, तर सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज जरूर बघा. विजय बारसे सर तिथेच खेळ शिकवायचे.

तिकडे अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल प्रशिक्षकांचा थाट काय विचारता! (त्यांचा चेंडू लांबुळका, हातात धरून पळायचा.) सामना संपला की ते पत्रकारांपुढे बसतात. हरले तरी उत्तरं द्यावीच लागतात.

बारसे सरांभोवती तेव्हा ना कॅमेरे, ना माइक. भर पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला. त्यातूनच २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. पत्रकार नंतर आले. २०१६ मध्ये संस्थेला 'फिफा'चा पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये 'झुंड' सिनेमा आला.

पत्रकार विचारतात, "कोण जिंकलं?" सरांनी मात्र पाहिलं, मैदानाबाहेर कोण राहिलं!

धनजला काय किंवा तुमच्या गावाला काय, पुढच्या सामन्यानंतर तुम्हीच पत्रकार व्हा. आपल्या सरांना विचारा, "सर, आज कोणाला खेळायला मिळालं नाही?"