बुक्कीनं फोडलेला कांदा

आमच्या निफाड तालुक्यातला माल परदेशी जातो, यात आता कुणाला नवल वाटत नाही. द्राक्षं युरोपात जातात. कांदा बांगलादेश, श्रीलंका, मलेशियाला जातो. माल गेला, पैसे आले किंवा बुडाले, एवढाच आमचा त्या देशांशी संबंध. पण मालाच्या मागून घरातलं माणूस जायचं म्हटलं, की पोटात गोळा येतो. मी दहावी शिकलेला माणूस. माझा लांबचा प्रवास म्हणजे एकदा दिल्ली, बाकी दरसाल पौषात त्र्यंबकेश्वराची निवृत्तिनाथांची यात्रा. तेव्हा आमच्या बारकीच्या परदेशाचं जे सांगणार आहे, ते बरंचसं फोनवर ऐकलेलं आणि थोडं आमच्याच ओट्यावर घडलेलं आहे.

बारकी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ २०१२ साली गेला, तेव्हा ती सातवीत होती. तिची आई माझ्यासमोर कधी फार बोलली नाही. मोठा दीर म्हणून डोक्यावरचा पदर सावरायची आणि काय असेल ते माझ्या बायकोच्या तोंडून सांगायची. पण पोरीनं बीएस्सी अ‍ॅग्री केल्यावर पुढं शिकायला हॉलंडला जाते म्हटलं, तेव्हा ती दारात उभी राहून सरळ मला म्हणाली, "दादा, तिच्या बापानं नाशिकला घेतलेला प्लॉट हाये. त्यो ठेवा गहाण." थोडी शिष्यवृत्ती मिळाली. बाकीच्याला बँकेचं कर्ज काढलं आणि तो प्लॉट तारण गेला. भावकीत कुजबुज झालीच. एवढ्या पैशात दोन लग्नं झाली असती म्हणे.

२०२२ च्या ऑगस्टात बारकी गेली. देशाचं नाव नेदरलँड्स, आपण हॉलंड म्हणतो. आपल्या महाराष्ट्रात असे सात देश बसतील. तिचं गाव वाखेनिंगन, ऱ्हाईन नदीच्या काठी. १९१८ सालापासून तिथं शेतीचं उच्च शिक्षण चालतं आणि जगभरातून पोरं येतात. एवढं नावाजलेलं विद्यापीठ, पण गावाला रेल्वे नाही. शेजारच्या एडे गावाला उतरून बसनं जायचं. हे ऐकून माझी आई म्हणाली, "मंग आपलं निफाड बरं की. टेसन तरी हाये."

तिकडं सायकलीशिवाय भागत नाही. बारकीनं एक जुनी सायकल घेतली. इथं ती पाच किलोमीटर सायकल मारत शाळेत गेलेली, त्यामुळं घमेंडीत होती. पण त्या सायकलीला हाताचा ब्रेकच नव्हता. पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. पहिल्याच दिवशी उतारावर ती हातानं ब्रेक शोधत राहिली आणि सरळ कुंपणात गेली. दुसऱ्या आठवड्यात दिव्याशिवाय सायकल चालवली म्हणून दंड झाला. इकडं आमचे ट्रॅक्टर बिनदिव्याचे फिरतात आणि तिकडं सायकलीला पुढं पांढरा, मागं तांबडा दिवा पाहिजे.

तिची राहायची सोय म्हणजे एका मजल्यावर दहा खोल्या आणि मधे एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. एका संध्याकाळी तिनं लाल मिरचीची फोडणी दिली. खाट उठला, सगळ्यांना ठसका लागला आणि छताला बसवलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला. पोरं खोल्यांतून बाहेर पळाली. एक उंच पोरगी मात्र डोळे पुसत आत आली. तिनं स्टुलावर न चढता हात वर करून भोंगा बंद केला आणि विचारलं, "काय करतेस?" आमची बारकी घाबरलेली. काय बोलावं सुचेना. तिनं भाकरीसंगं खायला काढलेला कांदा ओट्यावर ठेवला आणि सवयीनं बुक्की मारून फोडला.

ती उंच पोर बघतच राहिली. मग म्हणाली, "हा कांदा माझ्या बापाच्या गावाकडचा असेल."

तिचा बाप कांद्याचा शेतकरी निघाला. झीलंड नावाचा त्यांचा प्रांत आहे, समुद्राला लागून. बारकी म्हणाली, "माझे आप्पा पण कांदा लावतात. लासलगावला विकतात." आप्पा म्हणजे मी. त्या रात्री दोघी दोन वाजेपर्यंत कांद्यावर बोलत बसल्या. जगात दोन तरुण पोरी भेटतात तेव्हा काय बोलत असतील ते असो, या दोघी बियाणं, करपा आणि भाव यावर बोलल्या. त्या पोरीनं बुक्कीनं कांदा फोडायचा शिकून घेतला. पहिले तीन कांदे नुसतेच घरंगळले म्हणे.

मैत्री झाली तरी रीत वेगळी. कुणाकडं जायचं तर तीन आठवडे आधी वहीत तारीख लिहायची. संध्याकाळी सहाला जेवण उरकायचं. बारकी पहिल्यांदा झीलंडला गेली, तेव्हा मैत्रिणीच्या आईनं कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढं केला. बारकीनं एक उचललं आणि डब्याचं झाकण बंद झालं. आपल्याकडं पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आपण वाढत जायचं. ती आग्रहाची वाट बघत राहिली आणि अर्धपोटी झोपली. हे तिनं नंतर मैत्रिणीला हसत सांगितलं. पुढच्या खेपेला डबा उघडाच ठेवलेला होता आणि त्या बाई दर पाच मिनिटांनी म्हणत होत्या, "घे ना, घे."

त्या खेपेला तिनं त्यांचं कांद्याचं काम पाहिलं. आपल्याकडं आधी रोप टाकायचं, मग दहा-बारा बायांनी दिवसभर वाकून लावायचं. तिकडं वसंतात यंत्रानं बी पेरतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात यंत्रानंच काढतात. शंभर एकरांच्या वर रान, पण माणसं बापलेक दोनच. आपला उन्हाळ कांदा चाळीत वाऱ्यावर टिकतो. त्यांचा बंद गोदामात राहतो, खालून पंख्यानं हवा सोडतात. ते सगळं रान समुद्राच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. बांधावर चढलं की एका अंगाला समुद्र वर आणि दुसऱ्या अंगाला शेत खाली. बारकीनं फोन फिरवून दाखवलं, तर मला बघूनच गरगरलं.

हा बांध एकदा फुटला होता. १९५३ साली, ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आलं आणि समुद्र आत घुसला. त्या देशात १८३६ माणसं गेली. मैत्रिणीची आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. रात्रभर माळ्यावर बसून राहिली, खाली गुरं ओरडत होती, मग ओरडायची थांबली. त्यानंतर त्यांनी समुद्राच्या तोंडावर मोठमोठे बंधारे घालून टाकले.

हे मी आईला सांगितलं. आमचं गाव गोदावरीच्या काठी, सायखेडा-चांदोरीच्या बाजूला. १९६९ च्या सप्टेंबरातला पूर मला आठवतो. मी सात वर्षांचा होतो, आईनं मला देवळाच्या ओट्यावर नेऊन बसवलं होतं. २०१९ च्या ऑगस्टात पुन्हा तेच पाणी घरात आलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिची गाय वाचली का नाय?" याचं उत्तर बारकीला त्या आजीकडून आणायला दोन आठवडे लागले. वाचली नव्हती.

मग आलं २०२३ चं साल. २६ नोव्हेंबरला गारा पडल्या. द्राक्षाचे घड फुलोऱ्यात होते, काही मणी धरलेले होते. दीड एकर बाग तासाभरात झोडपून निघाली. पोळ कांदा शेतात होता, त्यावर आशा ठेवली. आठ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. लासलगावात लिलाव थांबले, रस्ता अडवला, मीही तिथं बसलो होतो. भाव कोसळला. बारकीला महिन्याचा खर्च पाठवायचा होता आणि हातात काही नव्हतं.

तिला आम्ही सांगितलं नाही, पण ती कांदेवाल्याची पोर. मोबाईलवर भाव रोज बघत होती. तिचा फोन आला, "आप्पा, मी परत येते." मी म्हटलं, "येऊन काय गारा झेलणारेस? शीक." त्या देशात बाहेरच्या पोरांना आठवड्याला सोळा तास काम करायची मुभा आहे. तिनं एका हॉटेलात भांडी धुवायचं काम धरलं. घरी कधी ताट न उचललेली पोर, पण तिनं ते केलं.

त्याच हिवाळ्यात तिकडं मैत्रिणीच्या बापाला चांगला भाव मिळाला. त्यांचा कांदा जास्त करून आफ्रिकेत जातो, पण भारताचा माल बाजारातून उठला की सगळीकडंच ओढ लागते. बारकीला हे कळलं आणि ती मैत्रिणीशी आठ-दहा दिवस बोलेनाशी झाली. तिचा काही दोष नव्हता, हे बारकीलाही कळत होतं. पण मन असतं ना. शेवटी ती उंच पोर आपल्या बापाला फोन लावून बारकीच्या खोलीत आली. तो बाप म्हणाला, "तुझ्या काकांना सांग, त्यांचा कांदा अडला म्हणून माझा विकला गेला. असा भाव मला मोजता येतो, पण साजरा करता येत नाही. आमच्याकडं २०१९ ला सरकारच्या धोरणावर शेतकरी चिडले, तेव्हा मीपण ट्रॅक्टर घेऊन हेगला गेलो होतो. रस्त्यावर बसणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे."

हे बारकीनं मला मराठीत सांगितलं, तेव्हा मी चाळीतच होतो. बराच वेळ काही बोललो नाही. मला त्या माणसाची भाषा येत नाही, पण बोलणं आपलंच वाटलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोरीऐवजी पोरीची मैत्रीण आली. बारकीला तिकिटाचे पैसे परवडत नव्हते. ती उंच पोर तशीही भारत बघणार होती, तर म्हणाली, मी तुझ्या घरी जाऊन येते. एकटी आली. आमच्या दाराच्या चौकटीला पहिल्याच दिवशी कपाळ आपटलं. बारकीच्या आईनं हळद लावली. पुढं चौदा दिवस ती पोर बारकीच्या आईच्या शेजारी, बारकीच्याच अंथरुणावर झोपली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. माझी नात तेव्हा दहावीत होती, तिचं इंग्रजी जेवढं पुरं पडेल तेवढं. रात्री उशिरापर्यंत आतून हसण्याचा आवाज यायचा. भाऊ गेल्यापासून त्या खोलीतून हसू ऐकू आलं नव्हतं.

उरलेल्या बागेतली द्राक्षं ती आमच्या बायांबरोबर काढायला आली. त्या वर्षी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते, म्हणून माल आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला जात होता. भाडं वाढलेलं, दिवस वाढलेले. ती घड हातात धरून म्हणाली, "मी याच्या आधी घरी पोचेन."

एक दिवस तिला नांदूर मध्यमेश्वरच्या धरणावर नेलं. २०२० साली रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा ती. चिखलात लांब चोचीचे पक्षी टोचत होते. ती एकदम ओरडली. आपण ज्याला पाणटिवळा म्हणतो, तो त्यांचा राष्ट्रीय पक्षी निघाला. त्यांच्याकडचे हिवाळ्यात आफ्रिकेला जातात, आपल्याकडं येणारे वेगळ्या मुलखातले, असं तिनं सांगितलं. पण तेवढ्यावरही ती दिवसभर खूश होती.

जायच्या आदल्या दिवशी तिनं ओट्यावर सगळ्यांसमोर कांदा बुक्कीनं फोडला. एका फटक्यात चार फाका. आईनं बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

बारकीचं शिक्षण २०२४ ला पुरं झालं. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला तिकडं एक वर्ष राहता येतं. तिला कांदा साठवणीचंच काम मिळालं. आता हप्ते तीच भरते. प्लॉट सुटायला अजून चार वर्षं लागतील. ती परत येणार का, हे भावकी विचारते. तिच्या आईनं मात्र एकदाही विचारलेलं नाही. मी विचारलं, तर बारकी म्हणाली, "आप्पा, आता सांगितलं तर खोटं ठरंल." मला ते पटलं. तिकडची उंच पोरसुद्धा बापाच्या रानात राहिली नाही. ती आफ्रिकेत कामाला गेली आहे. दोन्ही घरांतल्या पोरी शेतीचंच शिकल्या आणि दोन्ही घरांतली शेती म्हाताऱ्यांच्या अंगावर राहिली. बरं आमच्या घरी मुलगा तरी आहे.

बारकीनं पाठवलेल्या चित्रावरून गेल्या उन्हाळ्यात चाळीचा एक कप्पा बंद करून खालून पंखा बसवला. त्या कप्प्यात सड निम्म्यानं कमी झाली. लाईट गेली की पंखा बंद, हे तिच्या चित्रात नव्हतं. ते मी फोनवर कळवलं. तिनं ते त्या झीलंडच्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, हे स्वतः येऊन बघायला पाहिजे.

येत्या फेब्रुवारीत तो येतोय. लासलगावचा लिलाव बघायचा आहे त्याला. मुलानं दाराची चौकट उंच करायची काढली आहे. आईनं एवढंच विचारलं आहे, "एवढा उंच माणूस, त्याला मांडी घालून पंगतीला बसता यील का?"